सैल झाकणाची बाटली

मित्रांनो, मी बाटली आहे. जुनी आहे, हे माझ्या काचेवरचे ओरखडे पाहून तुम्हाला कळेलच. कारखान्यातून निघाले तेव्हा एका खोक्यात आम्ही चोवीस बहिणी होतो. पुढे त्या कुठे गेल्या, कोण जाणे! माझ्या पोटात कॅल्शियम क्लोराईड नावाचे पांढरे मीठ भरले आणि मी एका प्रयोगशाळेत तिसऱ्या फळीवर येऊन बसले. शेजारी साखरेची बाटली होती. ती इतकी गोड, पण माझ्याशी कधी बोलली नाही.

मला आणले ते सरांनी. सर हिरव्या शेवाळाचे अभ्यासक. शेवाळ म्हटले की तुम्हाला पाय घसरतो तेवढेच आठवेल. पण सरांचे शेवाळ एकेका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येक पेशीला दोन बारीक शेपट्या. त्या हलवत ती पोहते. पाण्यात आंबट थेंब पडला, की दोन्ही शेपट्या मुळापासून टाकून देते आणि तासा-दोन तासांत तिला नव्या फुटतात. गंमत शेपटीच्या मुळाशी आहे. तिथे एका प्रथिनाचे धागे असतात. सर त्याला सेंट्रिन म्हणत. पाण्यातले कॅल्शियम आत शिरले, की हे प्रथिन ते धरून ठेवते, धागे आखडतात आणि शेपटी तुटते. कॅल्शियम पुरेसे नसेल, तर सेंट्रिन बिचारे हात चोळत बसते. आणि ते कॅल्शियम जायचे माझ्यातून! मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

सर माझ्यातले मीठ मोजून घेत आणि लगेच झाकण लावत. वर मेणपट्टी ताणून गुंडाळत आणि पट्टीवर तारीख लिहीत. "ही हावरट आहे," ते मामांना सांगत, "हवेतलं पाणी पिते." मामा म्हणजे प्रयोगशाळेतले काचसामान धुणारे. हावरट हा शब्द मला लागायचा, पण तो खोटा नव्हता.

मग सर निवृत्त झाले. शेवाळाच्या नळ्या त्यांनी आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या, ताईंच्या हाती दिल्या. "तीस वर्षं सांभाळलंय," एवढेच म्हणाले. जाताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, असे मी धरून चालते. पट्टीचे सांगायचे मात्र राहून गेले.

ताई मेहनती होत्या, पण सदा घाईत. रोज मला उघडत आणि झाकण नुसते टेकवून ठेवत. मी मेली पाणी प्यायला लागले. नको नको म्हणत प्यायले. आधी दाणे चिकटले, मग खडे झाले, मग लगदा. ताई त्या लगद्याचेच वजन करत. काट्यावर आकडा बरोबर यायचा, पण त्यात कॅल्शियम कमी आणि पाणीच जास्त असायचे.

पूर्वी शंभरातल्या नव्वद पेशी शेपट्या टाकत. आता साठ टाकू लागल्या, मग वीस. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. ताई सूक्ष्मदर्शकावरून मान उचलून भिंतीकडे बघत बसत. त्यांना वाटले, शेवाळच बिघडले. दोष माझ्या पोटात होता, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते. इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते.

एका दुपारी त्यांनी सगळ्या नळ्या ट्रेमध्ये भरल्या.

"मामा, हे वाफेच्या कुकरला लावा. मारून टाकायचंय सगळं."

"सरांच्या नळ्या ना या?" मामांनी ट्रेला हात लावला नाही.

"हो. आता सरांना काय तोंड दाखवू, तेच कळत नाही."

मामा उगाच फळी पुसू लागले. पुसता पुसता त्यांनी मला उचलले, आणि माझ्या पोटातला लगदा सावकाश एका बाजूला ओघळला.

"अहो ताई, हिची पट्टी कुठे गेली?"

"कसली पट्टी?"

मामांनी सांगितले. ताईंनी मला हातात घेऊन उजेडात धरले. "म्हणजे चार महिने मी पाणीच तोलत होते?" त्या हसल्याही आणि त्यांनी डोळेही पुसले.

दुसऱ्या दिवशी त्याच मिठाची नवी सीलबंद बाटली उघडली. शेवाळ तेच, आंबट थेंब तोच. मामा हातातले काम टाकून दाराशी उभे होते. "ब्याण्णव, मामा! ब्याण्णव!" ताई ओरडल्या. शेवाळ वाचले.

मला बेसिनमध्ये रिकामे केले. धुताना माझ्यावरची सरांच्या अक्षरातली नावाची चिठ्ठी सुटून वाहून गेली. त्याचे मला फार वाईट वाटले. ताईंनी मात्र मला टाकले नाही. सरांचे थोडे शेवाळ माझ्यात घालून मला खिडकीत ठेवले. ज्या पेशींसाठी आयुष्यभर झिजले, त्यांना मी आता कुठे जवळून पाहते आहे. पण उजेड येतो त्या बाजूला त्या सगळ्या पोहत जातात, आणि माझी दुसरी बाजू रिकामीच राहते.

ताईही प्रबंध देऊन गेल्या. खिडकीपाशी फारसे कोणी येत नाही. मित्रांनो, वापरून झाले की झाकण घट्ट लावा. आणि एखादी जागा सोडून जाल, तेव्हा तुमच्या हाताला जे सवयीचे झाले आहे, ते मागच्यांना सांगून जा.

तिसऱ्या फळीवर माझ्या जागी नवी बाटली आहे. इथून दिसते मला. तिच्या झाकणावर मेणपट्टी आहे, अक्षर माझ्या ओळखीचे नाही, आणि तारीख आजची आहे.