माणूस दिसला की ओरडणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोच्या अरुंद रस्त्यांवर माझा जन्म सरला. डिम्फनाबाईंनी मला नवी कोरी आणली, तेव्हा शेजाऱ्यांनी टपावर थापा मारून माझं कौतुक केलं. किती मिरवले मी! चर्चला, बाजाराला, जळणाला, कुठेही न्या, माझी कुरकूर नसायची.

म्हातारपणी मात्र मला खोड जडली. समोरून ओळखीचं माणूस आलं की माझा हॉर्न आपोआप बोंबलायचा. आणि आमच्या रस्त्यावर अनोळखी माणूस येतो कुठून? शेजारच्या मॉर्टीच्या भावाच्या अंत्ययात्रेत तर मी असा भोंगा काढला की पाद्रीबाबा दचकले. तेव्हापासून मॉर्टी बाईंशी बोलेनासा झाला. जन्माचा शेजार माझ्यामुळे तुटला. फार वाईट वाटलं मला.

शहरातल्या शोरूमने माझा हॉर्नच बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिथे मी गप्प असायचे, घरच्या वाटेला लागले की पुन्हा सुरू.

"माणूस दिसला की ओरडते रे ही!" बाई सांगायच्या.

"काकू, गाडीला माणसं कळत नाहीत," शोरूमचा मेकॅनिक कॉर्मक हसायचा. पोरगा डब्लिनचा.

एकदा बाई चिडल्याच. "मग घरापर्यंत तूच चालव. नाही ओरडली, तर आजच हिला मोडीत काढते!"

कॉर्मकने स्टिअरिंग धरलं, बाई शेजारी बसल्या. दुधाची गाडी गेली, ट्रॅक्टर गेला, पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. ट्रॅक्टरवाला वळून वळून बघत राहिला.

"अरे, बोट तरी उचल!" बाई ओरडल्या. "आईने काही शिकवलंय की नाही? माझं नाक कापशील गावात!"

आमच्याकडे समोरच्याला पाहून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. तोच नमस्कार. पापणी लवावी तसं ते बोट उठतं, उचलणाऱ्याला पत्ताही नसतो.

पुढच्या वळणावर मॉर्टी गाई घेऊन आला. कॉर्मकने बोट उचललं. तळहाताचा भार स्टिअरिंगच्या मधोमध पडला आणि... पोंऽऽऽ! गाई शेपट्या उभारून कुंपणाला भिडल्या.

"डिम्फना!" मॉर्टी काठी उगारून धावत आला. "आता गाईंचाही जीव घेतेस?"

"मी नाही रे, हा चालवतोय!" बाई हसून हसून रडायला लागल्या.

कॉर्मकने तिथेच मधलं झाकण उघडलं. आतल्या वायरचं आवरण झिजलं होतं. जरा दाबलं की वाजायचं. त्याने टेप गुंडाळली आणि कान पकडले. "चुकलो, काकू."

मॉर्टीची काठी खाली आली. "म्हणजे त्या दिवशी, अंत्ययात्रेत..."

"तुला धीर द्यायला बोट उचललं होतं, वेड्या," बाई म्हणाल्या.

मॉर्टीने गाई वळवल्या. मग नाक पुसून म्हणाला, "चहा टाकतो. त्या पोरालाही आण."

त्या दिवशी मॉर्टीच्या अंगणात उभी राहून मी आतलं हसणं ऐकलं. नवी कोरी होते तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

मित्रांनो, कुणी आपलं दुखणं सांगितलं आणि ते तुमच्यापुढे दिसलं नाही, तर त्याला खोटं पाडू नका. एकदा त्याच्यासोबत त्याच्या घरापर्यंत जाऊन या.