हजार मीटर

माजलगावच्या बाजूला आमच्या साखर कारखान्याची धावपट्टी आहे. तिथं हवा बघायचं काम मी सहा वर्षं केलं. भाड्याची विमानं येतात. किती लांबपर्यंत दिसतंय ते पायलटला वायरलेसवर सांगायचं. पाण्याची टाकी हजार मीटरवर, चिमणी दीड हजारावर. चिमणी दिसत नसेल तर पायलटला यंत्रांच्या भरवशावर उतरायला सुरुवातसुद्धा करता येत नाही. तसा नियम आहे.

डिसेंबरात माझी बायको कडूबाई हिच्या पाठीत एकाएकी कळ आली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची मोठी नस फाटत चाललीय, मुंबईला न्या, रस्त्यानं टिकणार नाहीत. कारखान्यानं डॉक्टरसकट विमान मागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही अँब्युलन्स पट्टीवर आणून लावली.

धरणाकडून धुकं आलं होतं. त्यात उसाचं पाचट जाळल्याचा धूर मिसळला होता.

कडू शुद्धीत होती. म्हणाली, "सा वर्सं लोकायची इमानं उतरवली. आज म्या बसनार. तुमी बसा खाली चिमनी बघत."

तेवढ्यात वायरलेसवर पायलट बोलला, "रामकिसन, किती दिसतंय?"

टाकी दिसत होती. चिमणी नव्हती. शेजारी माझा मेहुणा भागवत उभा होता.

"दाजी, दीड हजार म्हना."

"चिमनी दिसंना, भागवत."

"रोज तितंच असती ना? आज काय पळून गेली का?"

मी वायरलेसवर म्हणालो, "हजार."

"पक्कं? दीड हजार मिळालं की सुरुवात करतो. वीस मिनिटं थांबतो, पुढं इंधन पुरणार नाही."

पेशंट माझी बायको आहे हे त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा दोनशे मीटर वाढवून सांगितले होते. विमान धुक्यातून निघालं ते उसाच्या ट्रॉलीवरच. ट्रॉलीवर बसलेल्या माणसांनी उड्या मारल्या म्हणून वाचली. पण त्या सकाळी मला ते आठवलं, असं मी म्हणणार नाही. काहीच आठवत नव्हतं. तो विचारत होता आणि माझ्या तोंडातून "हजार" निघत होतं. भागवतनं वायरलेस ओढायला हात घातला, मी त्याला ढकललं.

"मानूस हाय का कोन बे तू? भैन हाय माजी!"

वरून विमानाचा आवाज येत होता. अँब्युलन्समधून कडूनं विचारलं, "आलं का इमान?"

"आलंय. घिरट्या घालतंय."

वीस मिनिटांनी पायलट म्हणाला, "जातो मी. माफ करा." आवाज लांब गेला.

जवळचा मोठा दवाखाना गाठायला आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो. गाडी हलली तशी तिनं विचारलं, "कावून निगालो?"

"जागा बदलली. गेवराईपशी उतरतंय."

गेवराईपाशी विमान उतरायला जागाच नाही. भागवतनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मग माजा पदर नीट करा," ती म्हणाली. "इमानात लोकं असतील."

मी पदर नीट केला. केस मागं सारले. वाटेत ऊन पडलं. लांबचे खांब, झाडं, सगळं दिसायला लागलं. तिनं काचेतून वर पाहिलं आणि म्हणाली, "आता दिसल त्येला."

"हो," मी म्हणालो. "आता उतरतंय."

गेवराई यायच्या आधी ती गेली.

लोक म्हणतात, तू नियमानं वागलास. भागवत बोलत नाही. पायलटला खरं काय ते पाच वेळा सांगितलं. कडूला मात्र पदर नीट करता करता खोटं सांगत गेलो आणि त्याला काहीच वेळ लागला नाही. त्या दिवसापासून मी पट्टीवर गेलेलो नाही.