बाळंतिणीचं पथ्य

“आ कर,” दवाखान्यातली नर्स म्हणाली. बाळाला नव्हे, बाळाच्या आईला.

सुनेनं तोंड उघडलं. आत फोड आले होते, ओठांचे कोपरे चिरले होते. बाळंतपणापासून सर्दी-तापानं तिची पाठ सोडली नव्हती. बाळ मात्र तिच्या मांडीवर लोण्याच्या गोळ्यासारखं पडून होतं.

“खातेस काय?”

सून सासूकडे पाहू लागली. सासू म्हणजे गल्लीत शिवणकाम करणारी मावशी. तिची जीभ कात्रीसारखी चाले, पण मनानं बाई वाईट नव्हती.

“पेज, मऊ भात, उकडलेला भोपळा,” मावशीनंच उत्तर दिलं. “आंबट नाही, अंडं नाही, डाळ नाही, पालेभाजी नाही. आई खाते ते बाळाला बाधतं. आमच्याकडे हयगय नसते.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. मावशीचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला होता. हिनं बाळंतपणात संत्रं खाल्लं, ते दुधातून पोराला बाधलं, असं तिच्या सासूनं चारचौघांत सांगितलं आणि मावशीनं ते जन्मभर खरं मानलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी तिनं नुसत्या भातावर दिवस काढले. आता नातवाच्या बाबतीत ती विषाची परीक्षा घेणार नव्हती.

नर्सनं बाळाचं वजन केलं. “बाळ उत्तम आहे. पण दूध काय आभाळातून पडतं? आई अर्धपोटी राहिली तरी बाळाचा वाटा आधी निघतो, तो हिच्या हाडांतून, रक्तातून. काही जीवनसत्त्वं तर ही खाईल तेवढीच दुधात उतरतात. आजारांशी लढायची ताकदही बाळाला हिच्याच दुधातून मिळते. हीच आडवी झाली तर?”

“आणि आंबट?”

“खुशाल खाऊ दे. संत्र्यानं कुणाचं बाळ दगावत नाही.”

“माझं दगावलं,” मावशी म्हणाली.

नर्सनं पेन खाली ठेवलं. “काय झालं होतं त्याला?”

“ताप होता. छाती भरली होती. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरकडे कुठे नेलं? सासूबाई म्हणाल्या, आधी दूध शुद्ध व्हायला हवं. मग मला उपाशी ठेवलं...”

मावशी बोलता बोलता थांबली. ही गोष्ट तिनं आजवर शंभरदा सांगितली असेल, पण आज तिचं तिलाच ऐकू गेलं. आजारी होतं पोर आणि इलाज चालला होता तिच्यावर.

नर्सनं सुनेच्या हातात गोळ्या दिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते सांगितलं.

घरी मावशीचा नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. मावशीनं चप्पलही काढली नाही.

“त्या पोराला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं,” ती म्हणाली.

कुठलं पोर, हे त्यानं विचारलं नाही. “मला तेव्हाच वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“आईपुढे कोण बोलणार?”

“तेव्हाचं जाऊ दे. आई गेल्यावर? मी जन्मभर स्वतःला खात बसले, तेव्हा?”

त्यानं पेपरची घडी केली, उलगडली, परत केली.

मावशीला रडू आलं. उभ्या उभ्याच ती रडली. मग तोंड धुऊन ओट्याशी गेली. तिनं डाळ शिजवली, पालेभाजी परतली, अंडी उकडली आणि सुनेपुढे ताट ठेवलं. “सगळं संपव,” ती म्हणाली. मग स्वतःचंही ताट वाढून घेतलं आणि सुनेशेजारी बसून पोटभर जेवली.

नवरा हाक येईल म्हणून वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं तो उठला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं आपलं ताट आपल्या हातानं वाढून घेतलं.