चढणीचा मधला तुकडा

चिपमध्ये शून्याचा एक होतो तो बटण दाबल्यासारखा, असं सगळ्या जगाला वाटतं. वाटू दे बापडं. प्रत्यक्षात सिग्नल चढतो, धापा टाकत. मेक्सिकोत, ग्वादालाहारातल्या आमच्या कचेरीत चिपमधल्या एकेका गेटसाठी, म्हणजे इवल्याशा स्विचांच्या जुळणीसाठी, ही चढण किती वेळाची, याचे तक्ते बनतात. चढणीची दोन्ही टोकं वाकडी असतात, म्हणून मधला सरळ तुकडा मोजायचा आणि आकडा ताणून पूर्ण चढण काढायची.

त्या जूनमध्ये आमची चिप वेळेच्या तपासणीत सपशेल नापास झाली. लहान मुलांच्या श्रवणयंत्रासाठीची चिप. सगळे सिग्नल सुस्त! ती कारखान्यात गेली नाही, तर आमचा गट मोडणार होता.

तपासणीचं काम बघणारी एरेंदिरा तोर्ता, म्हणजे रश्श्यात बुडवलेला भरला पाव, खात माझ्या टेबलाशी आली. तिखट रस्सा कोपरापर्यंत ओघळलेला.

"रुतिलियो, तक्त्यातले आकडे तू ताणलेस?"

"मग काय, तसेच कच्चे देऊ?"

"अरे देवा! तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मीही ताणायला सांगितलंय."

एकाच रश्श्यात दोघांनी मीठ घातलं होतं. एक ताण काढला आणि चिप पास झाली.

आमच्या प्रमुख दोन्या कूका मात्र हसल्या नाहीत. "आकडे बदलले की पास? फारच सोयीचं! आणि सिलिकॉननं तुमचं ऐकलं नाही तर?"

तरी चिप कारखान्यात धाडायच्या कागदावर त्यांनी सही केली. म्हणाल्या, "चुकलात, तर तुमच्याआधी मी घरी जाईन."

हिवाळ्यात चिप आली. तिच्या एका कोपऱ्यात चाचणीसाठी मुद्दाम ठेवलेलं गेटांचं कडं होतं. सिग्नल त्यात स्वतःचाच पाठलाग करत फिरतो. चढण चुकली असेल, तर फेऱ्यांचा वेगही चुकणार. एरेंदिरानं वीज सोडली.

पडद्यावर वेग उमटला. आम्ही लिहिला होता तोच.

त्या चढणीच्या वेळात उजेडसुद्धा मक्याच्या दाण्याएवढाच सरकतो. ती आम्ही कधी पाहिली नव्हती, फक्त हिशोबानं लिहिली होती, आणि ती तश्शी घडत होती. मी चर्चमध्ये मिसाला जात नाही, तरी हात आपोआप जोडले गेले.

"आत आत्ता चढतोय तो सिग्नल?" दोन्या कूकांनी हळूच विचारलं.

"आत्तासुद्धा."

काम झालं होतं. वीज बंद करायला एरेंदिराचा हात बटणाकडे गेला. दोन्या कूकांनी तो धरला.

"थांब गं. राहू दे जरा चालू."