तेवीस नंबरचं रक्त

नमुना: २३
नाव: इंदू. दुर्गाघाट, काशी.

वैदेहीची ही काकू. सख्खी नव्हे, पण त्या गल्लीत नात्यांचं मोजमाप कोण काढतो? वैदेही क्षयरोगाची खूण शोधत होती. खोकला सुरू व्हायच्या कितीतरी आधी रक्तातली काही जनुकं जागी होतात, ती पकडायची. तुलनेला धडधाकट बायका हव्या होत्या, म्हणून तिने गल्लीतल्याच चाळीसजणींची यादी केली.

निष्कर्ष: खूण ठळक.

काकूंच्या छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. काही नाही. आठ महिने झाले, काकू ठणठणीत. वैदेहीने तेवीसपुढे ‘खोटा इशारा’ लिहिलं आणि तो टाळण्यासाठी अख्ख्या कसोटीची पातळी वर चढवली.

लिंग: स्त्री

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. शोधनिबंध पाठवण्याआधीच्या शेवटच्या तपासणीत तेवीसच्या रक्तात फक्त पुरुषांत सापडणारी जनुकं निघाली. तीनदा ताडून पाहिलं.

रक्त काढणाऱ्या कुशलला विचारलं, तर तो सांगून मोकळा झाला. काकूंचा फॉर्म घेऊन त्यांचे नवरे, वेणीमाधव गुरुजीच, आले होते; आमच्यात चालतं म्हणाले; त्याने नळीवर चिठ्ठी लावली.

लक्षणं:

(हा रकाना कोरा होता.)

वेणीमाधवकाका पंचगंगेच्या पायऱ्यांवर भेटले. नागपूरच्या यजमानांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्या नावाने डुबकी मारून वर येत होते. येताना दोनदा बसले. गळ्याखालची हाडं मोजता येत होती. हल्ली धूळ फार झालीय, म्हणाले, आणि खोकले.

“काका, काकूंच्या नावाने रक्त तुम्ही दिलंत?”

“मग? तिला सुई दिसली की भोवळ येते. संकल्प तिच्या नावाचा केला, दंड माझा पुढे केला.” ते हसले. “चाळीस वर्षं लोकांची पापं माझ्या अंगावर धुतोय, बाळ. तुझी ती बोटभर नळी काय जड होती?”

वैदेहीने मग सगळं सांगितलं. रक्ताने आठ महिन्यांपूर्वीच बजावलं होतं. तिनेच त्याला खोटं ठरवलं. काकांचं हसू विरलं. त्यांनी एवढंच विचारलं, सई माझ्याच ताटात जेवते, तिला काही होईल का. सई त्यांची नात, चार वर्षांची. तिलाही तपासू, वैदेही म्हणाली.

तिने थुंकीची डबी काढली, पेन काढलं.

“इंदूचंच नाव लिही,” काका हळूच म्हणाले. “यजमानांना कळलं, तर माझ्या हातचं तीर्थ कोण घेईल?”

नाव: ~~इंदू~~
नाव: वेणीमाधव. वय बासष्ट. पुरुष.

शेरा:

तिने विचारायला नको होतं, पण विचारलं: असं आणखी कुणी केलं का? काकांनी डबी पायरीवर ठेवली. मग बोटं दुमडू लागले.

“शरदिनीवहिनींचं सुनेने दिलं. कस्तुरीचं तिच्या जावेने.”

बाईच्या जागी बाई. हे कुठलंच जनुक सांगणार नव्हतं. वैदेहीने यादी काढून मांडीवर पसरली. काका दुसऱ्या हाताच्या बोटांवर आले होते.