दारावरची अक्षरं

येडशी स्टेशनकडून रामलिंगाकडे जाताना डाव्या हाताला जो दगडी बंगला लागतो, तो बांधणारा इंग्रज साहेब शहाणा होता की खुळा, हे गावात अजून ठरलेलं नाही. इथल्या उन्हात ज्या माणसाने बैठकीच्या भिंतीत शेकोटी आणि छपरावर धुराडं ठेवलं, त्याला म्हणावं तरी काय? छोट्या लाईनीचा इंजिनिअर होता म्हणे. तो गेला, मग निजामाचा एक दरोगा राहिला, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तोही निघून गेला. किल्ली उरली रखवालदार गुलाबच्या हातात. ती मागायला कुणी आलंच नाही. गुलाबने पाच-सहा वर्षं इमानाने वाट पाहिली आणि मग बायकोमुलांना घेऊन आत राहायला आला. जमीन मात्र सरकारच्या नावावर राहिली ती राहिलीच.

त्या गुलाबची सून सुमनबाई शुक्रवारी दुपारी धाराशिवहून एसटीने आली, फाटकातून आत शिरली आणि जागच्या जागी थबकली. घराचं पुढचं दार चॉकलेटी रंगाने चकाकत होतं.

दाराशी तिचा मुलगा राजपाल ब्रश घेऊन उभा होता. पुण्यात तो कंपनीची गाडी चालवतो. दुसऱ्या दिवशी मंडळ अधिकारी मॅडम पाहणीला येणार, तेव्हा घर कसं मालकाच्या घरासारखं दिसलं पाहिजे, म्हणून रजा काढून आलेला. सकाळपासून खपून त्याने दाराला ऑइलपेंटचे दोन हात दिले होते, आणि आता शाबासकीची वाट बघत होता. सुमनबाई मटकन पायरीवर बसली.

तिचं सगळं त्या दारावर होतं. गावातल्या रणधीरने बंगल्याच्या जागेवर लॉज काढायचा अर्ज केला होता. रणधीर म्हणजे भागवत गुरुजींचा मुलगा. ज्या गुरुजींनी अर्ध्या गावाला मुळाक्षरं शिकवली, त्यांचा. त्याचं म्हणणं, ही माणसं बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुलूप तोडून आत घुसली. दुर्दैव असं, की कागद त्याच्याच बाजूने बोलत होते. बंगला गावाबाहेर, त्याला धड नंबर नाही. म्हणून रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे पत्ता लागला तो वस्तीवरच्या चुलत दिराच्या घराचा. विजेचं मीटरही उशिरा आलं. तीस वर्षांची वहिवाट दाखवली तर घर सुमनबाईच्या नावे होणार होतं, नाही तर पंधरा दिवसांत बाहेर.

आणि तीस वर्षांचा पुरावा दारावरच होता. देवीची लस टोचणारे, हिवतापाची फवारणी करणारे, जनगणनेचे मास्तर, जो सरकारी माणूस आला तो दारावर तारीख आणि घरातली माणसं लिहून गेला. बाकीच्या गावाने ती अक्षरं दिवाळीच्या दिवाळीला पुसून टाकली. गुलाबने पुसू दिली नाहीत. सरकारी अक्षराला तो वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. चौदा एप्रिलच्या आधी भिंतींना चुना लागायचा, दाराला मात्र नुसतं अळशीचं तेल. सुमनबाई नवी नवरी असताना एकदा काथ्या घेऊन दार घासायला गेली, तर कधी आवाज न चढवणारा सासरा अंगावर ओरडला होता.

"ती गिचमिड लई वंगाळ दिसत होती, माय. गोदामावानी," राजपाल म्हणाला. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो टर्पेंटाइनच्या डब्याकडे धावला.

"हात लावू नको," सुमनबाई म्हणाली. "आज काढलं तर उद्या म्हणतील, तुमीच रात्री लिवलं. काढायचं तर मॅडमच्या डोळ्यांदेखत."

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. उद्यापर्यंत रंग वाळणार होता. तिलाही ते कळत होतं, पण ती बधली नाही. त्या रात्री मायलेकरांनी भाकरी कशीबशी गिळली. पहाटेपासून सुमनबाई चार वेळा दाराला बोट लावून आली. पहिल्या वेळी बोट चिकटलं, चौथ्या वेळी कोरडं आलं.

अकराला मंडळ अधिकारी शिवकन्या मॅडम आल्या. बरोबर पंच म्हणून म्हातारे बलभीमअण्णा, आणि इस्त्रीच्या शर्टातला रणधीर. त्याने आल्या आल्या दाराकडे बोट केलं. रंगसुद्धा कालचा आहे मॅडम, अजून वास येतोय, असं तो हसत म्हणाला. सुमनबाईने सगळं सांगितलं आणि दार उघडं करायची परवानगी मागितली. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. फडक्याला चॉकलेटी डाग आला, दार तसंच. पुन्हा घासलं. खालून नुसतं काळपट लाकूड दिसलं, अक्षर एकही नाही. राजपालने मान फिरवली. रणधीर फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. आपल्याच हाताने आपण घर पुसतोय, असं सुमनबाईला वाटलं. तिने फडकं टाकलं आणि नखाने रंगाची एक कड उचलली.

कड उचलली तशी रंगाची साल निघून आली. वर्षानुवर्षांचं तेल प्यालेलं ते लाकूड, त्याने नवा रंग धरलाच नव्हता. सालीखाली तेलात मुरलेली अक्षरं जशीच्या तशी होती. फवारणीची तारीख निघाली. एक पोलिओची खूण निघाली. राजपालही आता दोन्ही हातांनी साली काढू लागला.

"असं कोणीबी लिवतंय," रणधीर म्हणाला.

तेवढ्यात कडीच्या वर एक लांब आडवी रेघ दिसली. पट्टीने ओढलेली, सरळसोट. त्या रेघेला काळी ठळक अक्षरं टांगली होती: 'जनगणना १९९१. कुटुंबप्रमुख गुलाब. माणसे सात.'

बलभीमअण्णा चष्मा सावरत पुढे झाले, वाचलं आणि मागे सरले. आधी पट्टीने रेघ, मग तिला अक्षरं, असं लिहिणारा माणूस गावात एकच होऊन गेला. शाळेत रेघ वाकडी गेली की तीच पट्टी पोरांच्या बोटांवर बसायची. सुमनबाईला तो दिवस आठवत होता. याच पायरीवर बसून त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला होता. पण हे तिने सांगायचं नव्हतं.

"हे अक्षर कुणाचं आहे, कुणी ओळखता का?" मॅडमनी विचारलं.

अण्णांनी जमिनीकडे पाहिलं. रणधीरने फोन खिशात ठेवला. तो दाराजवळ गेला आणि त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. ओळखत नाही, असं म्हणायला त्याला काही अडचण नव्हती.

"आमच्या दादांचं हाय, गुरुजींचं," तो म्हणाला.

मॅडमनी तसं लिहून घेतलं आणि पंचांची सही घेतली. रणधीरनेही सही केली. सगळे फाटकाकडे निघाले तेव्हा तो मागे वळला आणि हलक्या आवाजात राजपालला म्हणाला, "बाकीचा रंग काढताना तेवढं जपून काढा. दादांच्या हातचं आमच्या घरी कायबी राह्यलं न्हाय."