भरलेला सिलिंडर

दूर समुद्रापलीकडं दोन देश गॅसवरून हातघाईवर आले, जहाजं अडकली आणि इकडं पुंडलिकनगरात सिलिंडरला सोन्याचा भाव आला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तिसरे म्हणजे आमचे एजन्सीवाले आप्पासाहेब. त्यांच्या चितेगावच्या शेडमध्ये आम्ही प्रत्येक भरल्या सिलिंडरातला दोन किलो गॅस रिकाम्यात उतरवायचो. नळी माझ्याच हातात असायची. नोकरी त्यांची, राहायची खोलीही त्यांचीच. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

दगडामावशी भाकरीचे डबे करतात. दहा वर्षं मी त्यांना सिलिंडर पोचवतोय, पण त्यांनी कधी वजन करून घेतलं नाही. नवा सिलिंडर लावला की त्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढतात. पूर्वी बावीस रेघांना संपणारा सिलिंडर आता एकोणिसाव्या रेघेलाच विझू लागला. मावशींनी चोर पकडला तो घरातलाच. सून आशा शेजारणीला गॅस विकते म्हणे! मागच्या खेपेला तिला बोलणी बसताना मी ऐकलं होतं आणि मान खाली घालून निघून आलो होतो. मी मेला भित्रा!

आज सिलिंडर घेऊन गेलो तर दारात आशाची पिशवी भरलेली. मावशी तिला पैठणच्या एसटीत बसवून कायमची माहेरी धाडत होत्या. मला राहवलं नाही.

"मावशी, तिनं नाय चोरला."

"तुला रं काय ठावं?"

"मीच काढतो. दर खेपेला दोन किलो."

मावशींनी गाडीकडं बोट दाखवलं. "सूर्यभान, लाव काटा."

मी गाडीतला वजनकाटा काढून सिलिंडर लटकवला आणि मग आठवलं. सकाळी मन खाऊ लागलं म्हणून मावशींच्या या एकाच सिलिंडराला मी नळी लावली नव्हती. काटा बरोबर आकड्यावर थांबला. छटाकभरही कमी नाही.

मावशींनी एकदा माझ्याकडं, एकदा सुनेकडं पाहिलं.

"अस्सं व्हय! हिच्यापायी चोर व्हायलाबी तयार झालास?"

"तसं नाय मावशी, शपथ! चला चितेगावला, शेड दाखवतो..."

आशानं पिशवी उचलली.

"भाऊ, पाया पडते, गप बसा," ती म्हणाली. "आतापस्तोर नुसती चोर व्हते."

मी काट्यावरून सिलिंडर उतरवला.